जाऊबाईंचा कागद मी भरला

लिही. माझ्या थोरल्या जाऊबाई रागीट नव्हत्या. लिहिलंस? आता खोड ते. कारण रागीट तर त्या होत्याच, आणि आपल्याबद्दल खोटं लिहिलेलं त्यांना खपलं नसतं, मग ते चांगलं का असेना.

परवा तू मोठ्याने पाठ करत होतीस ना, माणसाचा स्वभाव कसा ओळखायचा म्हणून. एक म्हणतो त्याला प्रश्न विचारा, दुसरा म्हणतो त्याचं लहानपण उकरा, तिसरा म्हणतो काही विचारू नका, नुसतं बघत बसा तो काय करतो ते. मी आत भांडी विसळत होते, पण कान तुझ्याकडेच. मला अक्षर येत नाही, सही करते तीसुद्धा चित्र काढल्यासारखी. पण हे तिन्ही प्रकार एका बाईवर झालेले मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेत. आणि ती बाई तिघांना पुरून उरली. तुझ्या पुस्तकात ती नसणार, म्हणून म्हटलं सांगावं.

मी लग्न होऊन घरात आले तेव्हा जाऊबाईंना येऊन सहा वर्षं झाली होती. उंची म्हणशील तर माझ्या खांद्याएवढी. हात बारीक. आवाज मात्र असा की त्या मागच्या खोलीत बोलल्या की पुढच्या खोलीतला माणूस उठून उभा राहायचा. घरात प्रत्येकाने त्यांच्या रागाचं आपापलं कारण शोधून ठेवलं होतं. सासूबाई म्हणायच्या, अंगात उष्णता आहे तिच्या, पहिल्यापासून. तुझे आजोबा म्हणायचे, माहेरी लाडावून ठेवलीय, एकुलती एक असल्यासारखी. आता जाऊबाई सात भावंडांतल्या चौथ्या, लाड कुठले, अंगावर धड झबलं आलं तरी नशीब. पण तुझ्या आजोबांना हे कोण सांगणार. मोठे भावजी, म्हणजे जाऊबाईंचे यजमान, घड्याळं दुरुस्त करायचे. ते काही बोलायचेच नाहीत. डोळ्याला ती भिंगाची डबी लावून बसायचे आणि हसायचे. नवरा हसतो म्हटल्यावर बाकीच्यांचं काय चालतंय.

जाऊबाईंनीच मला कामाला लावलं. मोठ्या इस्पितळाच्या लाँड्रीत. तळघरात होती ती. खिडक्या पार छताला टेकलेल्या, त्यांतून रस्त्यावरच्या माणसांची नुसती पावलं दिसायची. आम्ही चपलांवरून माणसं ओळखायचो. चार मोठे ड्रम होते धुवायचे, एक वाफेचा रोलर होता इस्त्रीचा, चादर एकीकडून घातली की दुसरीकडून कडक होऊन बाहेर यायची. आणि दाराशी होतं निवडणीचं टेबल. वरच्या वॉर्डांतून मळक्या कपड्यांची गाठोडी यायची ती आधी त्या टेबलावर. तिथे उभं राहून एकेक चादर झटकायची, रक्ताची वेगळी, लहान मुलांच्या वॉर्डातली वेगळी, ऑपरेशनची हिरवी वेगळी. घाणीचं काम. आणि नुसतं घाणीचं असतं तर काय, हात धुतले की झालं. पण त्या चादरींत सुया असायच्या. वापरलेल्या. ब्लेडं असायची. एकदा कुणाची तरी दातांची कवळी निघाली होती. जाऊबाईंनी ती धुऊन, रुमालात बांधून तीन वॉर्ड हिंडून त्या आजोबांना नेऊन दिली. येताना म्हणाल्या, दोन दिवस माणूस नुसतं पातळ पीत होता, कुणाला विचारावंसं वाटलं नाही.

त्या टेबलावर जाऊबाई नऊ वर्षं होत्या. सुई निघाली की ते गाठोडं तसंच पुन्हा बांधायचं, खांद्यावर टाकायचं, जिना चढायचा, आणि ज्या वॉर्डाचं असेल त्याच्या सिस्टरच्या टेबलावर नेऊन ठेवायचं. मग तोंड सुटायचं. सिस्टर असो, डॉक्टर असो, भेटायला आलेले असोत. म्हणायच्या, खालच्या बायकांना बोटं दहाच आहेत, तुम्ही पुरवणार आहात का वरची. वॉर्डातली माणसं त्यांना टरकून असायची. पण टरकून असल्यामुळे चादर झटकून मग बांधायची. नऊ वर्षांत आमच्या लाँड्रीत सुई टोचलेल्या बायका दोन. फक्त दोन. हे लक्षात ठेव.

आता आमच्या लाँड्रीची एक रीत सांगते, कारण सगळा घोळ तिच्यातून झाला. दुपारनंतर सगळ्या जणी घड्या घालायला बसायच्या. चादरीची घडी एकटीने होत नाही, समोर दुसरी लागते. म्हणून जोड्या ठरलेल्या. माझी जोडी जाऊबाईंशी. आणि नियम असा, की आपण घातलेली थप्पी आपण तपासायची नाही. जोडीदारणीने तपासायची. का, तर आपली वाकडी घडी आपल्या डोळ्याला सरळच दिसते. हा नियम कुणी लिहिला नव्हता, आम्ही यायच्या आधीपासून होता.

तर त्या वर्षी नवे मोठे साहेब आले. पातळ मिशीचे, फार शिकलेले. त्यांचं म्हणणं, योग्य माणूस योग्य जागी पाहिजे. आणि वॉर्डांनी त्यांच्याकडे तक्रार केली होती, की लाँड्रीतली ती ठेंगणी बाई येऊन अपमान करते. मग साहेबांनी बाहेरून एक बाई बोलावल्या. स्वभाव तपासणाऱ्या. पंचविशीच्या असतील, चष्मा, खांद्याला कागदांनी फुगलेली पिशवी. आम्ही त्यांना कागदवाल्या बाई म्हणायचो. त्यांनी आम्हा चाळीस जणींना एकेक कागद दिला, एकेक पेन्सिल दिली. वर नाव लिहून आणलेलं. खाली नव्वद वाक्यं. जुळत असेल त्याच्यासमोरचा गोल काळा करायचा, नसेल तर सोडून द्यायचा. एवढं सांगितलं आणि त्यांना वरून बोलावणं आलं म्हणून गेल्या.

आमच्यातल्या निम्म्या जणींना वाचता येत नव्हतं. लांबी म्हणून एक होती, ताडमाड उंच, तिला येत होतं. ती स्टुलावर उभी राहून वाचायला लागली. पहिलंच वाक्य, मला पटकन राग येतो. सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. आता आपल्याला पटकन राग येतो का, हे आपण कसं ठरवायचं? लांबी म्हणाली, अगं नेहमीसारखं करा, बदला कागद. आणि चाळीस जणींनी जोडीदारणीशी कागद बदलले. कुणाच्या मनात शंकासुद्धा आली नाही. घडीला जो न्याय तो माणसाला.

म्हणजे जाऊबाईंचा कागद आला माझ्याकडे, आणि माझा गेला त्यांच्याकडे.

मी खरं तेच भरलं. राग पटकन येतो? येतो. गोल काळा. ठरलेलं बदललं तर चिडते? चिडते. दुसऱ्याचं काम तपासल्याशिवाय विश्वास ठेवत नाही? ठेवत नाहीत बाई, इतकी वर्षं बघते आहे. गोल काळा. पण आता तुला आणखी एक खरं सांगते, तेही लिही. त्याच दिवशी सकाळी जाऊबाईंनी सगळ्यांदेखत माझी थप्पी उलटी करून खाली टाकली होती, कोपरे जुळत नाहीत म्हणून. तो राग माझ्या पोटात होता. पेन्सिल मी जरा जोरातच दाबली. दोनदा टोक मोडलं.

पंधरा दिवसांनी वरून चिठ्ठ्या आल्या. लांबीने वाचल्या. जाऊबाईंच्या चिठ्ठीत होतं, तापट, संशयी, हेकेखोर, लोकांशी संबंध येईल असं काम देऊ नये. त्यांना टाकलं रोलरवर. आणि माझ्या चिठ्ठीत होतं, शांत, सोशिक, सगळ्यांशी जुळवून घेणारी. मला टाकलं निवडणीच्या टेबलावर. त्यांच्या जागी.

लांबी वाचून थांबली आणि माझ्याकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. कारण जाऊबाईंचा कागद कुणी भरला हे काय लपलेलं होतं? मला वाटलं धरणी फाटेल तर बरं. जाऊबाईंनी हातमोजे काढले, माझ्या हातात दिले, आणि रोलरपाशी जाऊन उभ्या राहिल्या. ओरडल्या असत्या तर मी सुटले असते गं.

संध्याकाळी घरी भाजी निवडत होत्या. मी जाऊन समोर बसले आणि सगळं ओकून टाकलं, पेन्सिलीचं टोक मोडलं तेसुद्धा. रडायला लागले. त्या शेंगा मोडत राहिल्या.

मग म्हणाल्या, “त्यात खोटं काय लिहिलंस?”

मी म्हटलं, खोटं काही नाही.

“मग रडतेस कशाला, धाकटे? घडी तू नीट तपासलीस. मी रागीट आहे, संशयी आहे, हेकट तर आहेच, तुझ्या भावजींना विचार. पण हे वाचून मला टेबलावरून कोणी उठवावं, हे कुठल्या गोलात होतं? ते तू नाही भरलंस. ते त्यांनी भरलं.”

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुटीत त्या गेल्या कागदवाल्या बाईंकडे. मला बरोबर नेलं. इस्पितळाने त्या बाईंना जिन्याखालची एक खोली दिली होती, आधी झाडू ठेवायचे तिथे. बाई चांगल्या होत्या, आम्हाला बसायला सांगितलं. जाऊबाई बसल्या नाहीत. म्हणाल्या, तुमच्या कागदात राग येतो का विचारलंय, कशाचा येतो ते का नाही विचारलं?

बाई म्हणाल्या, कागद सगळ्यांना सारखा असतो, म्हणून नेमकं असं काही विचारता येत नाही. मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, म्हणाल्या, तुमची आणखी एक तपासणी करते, हिच्यात बरोबर-चूक काही नसतं. पिशवीतून जाड पुठ्ठे काढले. त्यांच्यावर शाईचे मोठमोठे डाग. विचारलं, यात तुम्हाला काय दिसतं?

जाऊबाईंनी पुठ्ठा हातात घेतला, उजेडात धरला, नखाने कड खरवडली. म्हणाल्या, शाई दिसते. वाळलेली आहे, आता पाण्याने जायची नाही, दुधात भिजवून बघा.

बाई म्हणाल्या, तसं नाही, आकार कसला वाटतो?

त्या म्हणाल्या, ओली असतानाच कुणीतरी कागद मधोमध दुमडलाय. घडी मात्र सरळ घातलीय हो. जमलीय.

मला हसू आवरेना. बाई आपल्या लिहून घेत होत्या. काय लिहिलं असेल, देव जाणे. मग त्यांनी लहानपणाचं काढलं. वडील मारायचे का, आई रागीट होती का, कुठल्या गोष्टीची भीती वाटायची. जाऊबाई म्हणाल्या, वडिलांच्या तोंडातून शब्द निघायचा नाही, आई गोगलगाय, मी कुणावर गेले ते तुम्हीच शोधा. भीती म्हणाल तर मला अजून सुयांची वाटते. लहानपणी मुळीच वाटत नव्हती. टेबलावर आले तेव्हापासून वाटते.

हे ऐकून बाईंची पेन्सिल थांबली. मग मी मध्येच बोलले. मला राहवलं नाही. म्हटलं, बाई, त्यांचा कागद त्यांनी भरलेलाच नाही, मी भरलाय. आणि माझा त्यांनी. सगळ्यांनीच तसं केलंय.

त्या बिचारीचा चेहरा असा उतरला की मलाच वाईट वाटलं. म्हणाल्या, म्हणजे सगळे कागद वाया.

“वाया का?” जाऊबाई म्हणाल्या. “आपल्या तोंडाने कोण म्हणणार, मी संशयी आहे म्हणून? तुम्ही स्वतःचा कागद भरला असेलच ना कधी. काय लिहिलंत?”

बाई लाल झाल्या. मग हसल्या. म्हणाल्या, मनमिळाऊ. आणि माझी आई म्हणते की माझं कुणाशी पटत नाही.

मग म्हणाल्या, नव्याने भरून द्या, या वेळी ज्याचा त्याने. जाऊबाईंनी सरळ नाही म्हणून सांगितलं. म्हणाल्या, कागदावरचे गोल पुरे झाले. माझा स्वभाव बघायचाय ना तुम्हाला, तर खाली या आणि बघा. चार दिवस उभं राहायची तयारी असेल तर या. खुर्ची मिळायची नाही.

आणि त्या आल्या गं. वही घेऊन, नाकाला रुमाल लावून, दाराशी एका रिकाम्या ड्रमला टेकून उभ्या राहिल्या.

आता टेबलावर होते मी. शांत, सोशिक. पहिल्या दिवशी एक सुई निघाली, मी ती डब्यात टाकली आणि मूग गिळून गप्प बसले. वर जाऊन कोण तोंड वाजवणार, मला तर सिस्टरच्या पांढऱ्या टोपीचीच भीती वाटायची. दुसऱ्या दिवशी तीन निघाल्या. वॉर्डांत कळलं होतं ना, ठेंगणी गेली म्हणून. झटकायचं सोडून दिलं त्यांनी. येईल तसं गुंडाळायचं आणि द्यायचं खाली. तिसऱ्या दिवशी, अकराचा सुमार, मी एक उशीचा अभ्रा ओढला आणि काहीतरी चावल्यासारखं झालं. वाकडी सुई होती. मोजा फोडून या बोटात गेली, हे बघ, याच.

काय सांगू. बोटाचं दुखणं ते किती, मुंगी चावल्याएवढं. पण ती सुई कुणाच्या अंगातून आली असेल, त्याला काय आजार असेल, सगळं एकदम डोक्यात आलं. तुझा बाप तेव्हा चार वर्षांचा होता. लांबीने बोट नळाखाली धरलं, जाऊबाई रोलर बंद करून धावत आल्या. मला म्हणाल्या, चल वर, रक्त तपासून घेऊ.

मी म्हटलं, थांबा. आणि मी परत टेबलाशी गेले. का गेले, मला अजून कळत नाही. ते गाठोडं उरलेलं झटकलं, तर त्यातून ब्लेड पडलं. मग माझ्या डोक्यात काय शिरलं तेही माहीत नाही. मी ते गाठोडं उचललं, चार जिने चढले, वॉर्डाचं दार पायाने ढकललं आणि सिस्टरच्या टेबलावर, चहाच्या कपासकट सगळ्यावर ते गाठोडं आपटलं. आणि ओरडले. काय ओरडले ते या वहीत लिहायला नको. जाऊबाईंनी नऊ वर्षांत वापरले नाहीत ते शब्द मी पाच मिनिटांत संपवले. रोगी उठून बसले. एक म्हातारा तर टाळ्या वाजवायला लागला.

मागे वळून बघते तर दारात कागदवाल्या बाई. धापा टाकतायत, आणि वही उघडी.

माझ्या रक्तात काही निघालं नाही, सहा महिने तपासत होते. पण ते सहा महिने मी कसे काढले ते माझं मलाच माहीत. आणि जाऊबाईंना. रोज सकाळी त्या माझं बोट बघायच्या, जसं काही बोटावर लिहून येणार होतं.

बाईंनी वहीत काय लिहिलं ते त्यांनी आम्हाला नंतर वाचून दाखवलं. तापट बाई रोलरवर तीन दिवस. एकदाही आवाज नाही. नव्या मुलीला चादर कशी घालायची ते अकरा वेळा शिकवलं, अकराही वेळा हळू आवाजात. शांत बाई निवडणीच्या टेबलावर तीन दिवस. तिसऱ्या दिवशी आवाज तिसऱ्या मजल्यावर. मला म्हणाल्या, मावशी, आता मी तुमच्या नावापुढे काय लिहू? मी म्हटलं, टेबलाचं नाव लिहा.

मग साहेबांनी बोलावलं. आम्हा दोघी जावांना आणि बाईंना. सिस्टरची तक्रार गेलीच होती. बाईंनी सगळं सांगितलं, कागद बदलले होते तेही सांगितलं. आणि इथे काय झालं बघ. साहेबांना तेवढंच पटलं. बाकीचं त्यांच्या कानातच गेलं नाही. चेहरा उजळला त्यांचा. म्हणाले, एवढंच ना, मग सोपं आहे, चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली. शांत ती मोठी, तापट ही धाकटी. धाकटीने करून दाखवलंच की. मोठीला परत टेबलावर घ्या, धाकटीला रोलरवर टाका, नावं दुरुस्त करा, मिटलं. जाऊबाईंना म्हणाले, तुमच्यावर अन्यायच झाला म्हणायचा. आता शांत म्हणून नोंद आहे, तशा राहा, वॉर्डात आवाज चढवू नका, म्हणजे झालं.

पोरी, नुसती मान हलवायची होती. टेबल परत मिळत होतं. वर चांगलं नाव मिळत होतं. मी पदर तोंडात धरला आणि मनात म्हटलं, हलवा मान, जाऊबाई, एवढ्या वेळी हलवा.

“नाही साहेब,” त्या म्हणाल्या. “तो कागद माझाच आहे. हिने भरला, पण माझ्याबद्दल भरला. तापट मीच. ही माझी धाकटी खरंच शांत आहे, तिला तुमच्या सुईने ओरडायला लावलं. टेबलावर बसवायचं तर तापट म्हणून बसवा. शांत राहायच्या कबुलीवर मी येणार नाही.”

साहेब म्हणाले, तापट बाई मला तिथे नको.

“मग मी रोलरवर बरी आहे. तिथे गरम आहे, पण कुणी माझं नाव बदलत नाही.”

आणि उठून चालू लागल्या. मी मागे. साहेबांनी मला हाक मारली, म्हणाले, मग तूच बस टेबलावर, तुला ताकीद देऊन सोडतो. मी म्हटलं, साहेब, मीही आता तापट झाले, तुम्हीच तर म्हणालात.

त्या दिवशी टेबल रिकामं राहिलं. दुसऱ्या दिवशी साहेबांचा कारकून यादी घेऊन खाली आला. ज्यांच्या चिठ्ठीत शांत लिहिलं होतं त्यांची नावं पुकारली. अकरा जणी होत्या. पहिली म्हणाली, माझा कागद हिने भरलाय, हिला काय माहीत, मी घरी नवऱ्याच्या अंगावर लाटणं फेकते. दुसरी म्हणाली, माझ्यात उष्णता आहे. तिसरी म्हणाली, माझी सासू सांगेल तुम्हाला माझा स्वभाव, बोलावू का. लांबी म्हणाली, मी शांत आहे हे खरं, पण मला वाकता येत नाही. कारकून बिचारा घाम पुसत वर गेला. आम्ही कामं थांबवली नव्हती हां, ते नीट लिही. ड्रम चालू होते, रोलर चालू होता, घड्या चालू होत्या. फक्त त्या टेबलाशी कुणी उभं राहात नव्हतं. गाठोडी दाराशी साठत गेली. दुपारपर्यंत दार दिसेना. आणि वर चादरी संपल्या. ऑपरेशनला हिरवी चादर नाही म्हणून एका मोठ्या डॉक्टरने साहेबांना काय सुनावलं म्हणतात, त्याचा स्वभाव कुणी तपासला नाही.

चारच्या सुमाराला साहेब स्वतः खाली आले. तळघरात पहिल्यांदाच. गाठोड्यांवरून पाय टाकत यावं लागलं त्यांना. बरोबर कागदवाल्या बाई. रोलर कुणीतरी बंद केला. साहेब काही बोलायच्या आत बाईच बोलल्या. त्यांची पहिलीच नोकरी होती असं नंतर कळलं. म्हणाल्या, सर, माझ्या अहवालात चूक आहे, पण नावांची नाही. मी तापट लिहिलं आणि कशावर ते लिहिलं नाही. लोकांशी संबंध येईल असं काम देऊ नये, हे मी पुस्तकातून उतरवलं. मी तो अहवाल मागे घेते. नवीन लिहून आणलाय.

साहेबांनी तो वाचला. मोठा होता, दोन पानं. मग जाऊबाईंकडे बघत म्हणाले, बसा टेबलावर.

आमच्यातली कुणी हलली नाही. जाऊबाईंनी रोलरच्या चौकटीवरचा हात काढला नाही. विचारलं, कुठल्या कबुलीवर?

साहेब म्हणाले, कबुली नाही.

“मग माझी एक आहे,” त्या म्हणाल्या. “सुई निघाली की मी वर येणार नाही. ज्या वॉर्डाची असेल त्या वॉर्डाच्या सिस्टरने खाली यायचं. या टेबलाशी उभं राहून ते गाठोडं तिने संपवायचं, माझ्यासमोर. माझा राग तिला इथे ऐकू दे, वर रोग्यांना त्रास कशाला.”

साहेबांनी दाराशी साठलेल्या गाठोड्यांकडे बघितलं. शेवटी म्हणाले, ठीक आहे.

जाऊबाईंनी माझ्याकडून हातमोजे मागून घेतले. नवीन नाहीत का, म्हणून कारकुनाला झापलं, तेही साहेबांसमोर. आणि गाठोड्यांच्या डोंगरातलं पहिलं ओढलं.

त्यानंतर अकरा वर्षं त्या टेबलाशी होत्या. शांत झाल्या असतील असं तुला वाटत असेल तर वाटू देऊ नकोस. दुसऱ्याच आठवड्यात तिसऱ्या मजल्यावरची ती सिस्टर, माझ्या हातून जिच्या चहाची वाट लागली तीच, आपल्या वॉर्डाचं गाठोडं स्वतः घेऊन खाली आली. बोलावल्याशिवाय. म्हणाली, मी जातीने झटकलंय, तुम्ही बघून घ्या. जाऊबाईंनी ते सोडलं. चादर न् चादर झटकली, अभ्रे उलटे करून बघितले. सुई नाही, ब्लेड नाही, काही म्हणजे काही नाही.

तरी ओरडल्याच. म्हणाल्या, ओल्यात सुकं कशाला गुंडाळता?